पाट उघडा पडेपर्यंत

यंदा बोरीला उलट आली. सकाळी सकाळी नामाचा फोन आला, "मावशी, पाट बुडाला. येतीस का बघायला?" नामा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याचीही सत्तरी केव्हाच उलटून गेली आहे, पण असा फोन करताना त्याचा आवाज शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा होतो. मी म्हटलं, येते. गुडघ्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नकारच दिला असता.

हिंगोलीहून नातवानं गाडी काढली. नरसीच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं फोनमधला नकाशा उघडला आणि म्हणाला, "आजी, इथं कयाधू दिसते. तुझी बोरी कुठंच नाही." मी म्हटलं, "त्या नकाशाला म्हणावं, भादव्यात एकदा पायातलं काढून ये." तो हसला आणि गाडी हाकू लागला. दोन्ही अंगांना हळदीची पानं कमरेएवढी झाली होती. आमच्या लहानपणी या रानात ज्वारी आणि कापूस असे. आता मधूनमधून सोयाबीन आहे. मातीचा वास मात्र तोच, भिजून भिजून जड झालेला.

बोरी ही नदी नाही. आहे ओढाच, पण नाव बाईचं मिळालं म्हणून गावानं तिला कायम लेकीसारखं वागवलं. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे, तरवड आणि बोरींच्या झुडपांचा. तिथे एका खडकाच्या बुडातून ती निघते, तेव्हा ओंजळभर असते. थोडी खाली आली की धनगरांच्या मेंढ्या तिच्यात उतरत, म्हणून तिथलं पाणी कायम गढूळ. पुढे काळ्या रानात शिरली की ती अंग चोरून, उंच काठांच्या मधून जाते. वरून बघितलं तर पाणी दिसत नाही, नुसता आवाज येतो. गावाशी आली की मात्र पसरते. तिथे वाळू आहे, आणि वाळूच्या मधोमध एक रुंद, सपाट, काळा दगड. तोच आमचा पाट. तिथून हाकेच्या अंतरावर ती कयाधूला मिळते. त्या जागेला संगम म्हणण्याइतकं आमचं गाव गर्विष्ठ नव्हतं. सगळे नुसतं 'मेळ' म्हणत. न्याहारी करून निघालेलं लेकरू उगमापासून मेळापर्यंत जाऊन जेवायच्या आत घरी परत येई, एवढाच तिचा पसारा.

एवढ्याशा ओढ्याला स्वतःचं असं काय असणार? तर उलट असे. पावसाळ्याच्या शेवटी हत्तीचा पाऊस वरच्या मुलखात कोसळला की कयाधू फुगायची. मग बोरीचं पाणी तिच्यात शिरायचं सोडून तिचंच पाणी बोरीत शिरायचं, आणि ओढा मागे मागे, गावाकडे चालू लागायचा. काडीकचरा, एखादं वाहून आलेलं डांगर, फेसाचे गोळे, सगळं माळाच्या दिशेनं निघालेलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपणच उलटे उभे आहोत असं वाटे. उलट पाटावर चढली, दगड बुडाला, की गावात हाळी होई आणि बाया ओटी घेऊन निघत.

कारण गावाचा हिशेब सरळ होता. बोरी आमची लेक, कयाधूच्या घरी दिलेली. वर्षभर ती तिकडे जाते. एखाद्या वर्षी माघारी येते, तेव्हा ती माहेराला आलेली असते. मग तिची ओटी भरायची, खण, ज्वारी, हळकुंड आणि एक हिरवी बांगडी. आणि लेक माहेरात आहे तोवर गावातल्या दुसऱ्या कुणाच्या लेकीला वेशीबाहेर घालवायचं नाही. पाहुणी घरात असताना दुसरीला उठवतात का? पाणी उतरून पाट उघडा पडला, की बोरी गेली. मग ज्यांना जायचं त्यांनी जावं. एरवी हे एका-दोन दिवसांत आटोपे. सासुरवाशिणी त्या दिवसांना फार जपत. आकाशात ढग आले की कामं सोडून मेळाकडे बघत बसणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

मी सांगते आहे ते वर्ष निजामाच्या अमलातलं. दूर कुठेतरी मोठी लढाई चालू होती. आमच्यापर्यंत तिची खबर राकेल मिळेनासं होऊन पोचली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. अक्का, माझी थोरली बहीण, बाळंतपणाला घरी आली होती. तिचं सासर शिरड शहापूरच्या अलीकडं, बैलगाडीनं भल्या पहाटे निघालं तर दिवेलागणीला पोचण्याच्या वाटेवर.

तिचं हे दुसरं लेकरू. पहिली मुलगी झाली होती. तिच्या वेळी सव्वा महिना झाला त्याच दिवशी इवाई, म्हणजे आमचे व्याही, गाडी घेऊन दारात उभे राहिले. माय कळवळून म्हणाली, "अजून थोडे दिस राहू द्या." पण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सव्वा महिन्यानं पाठवतो अशी जबान दिलेली होती. आबांची जबान म्हणजे गावातला शेवटचा शब्द. दोघांच्या बांधाचा तंटा झाला की लोक आबांना नेत. एकदा तर त्यांनी स्वतःच्या शेताचा बांध सरकलेला आहे असं स्वतः होऊन दाखवून पट्टाभर जमीन सोडली होती. त्यांनी अक्काला गाडीत बसवलं. त्या सुगीत तिकडे शेतावर बाभळीला झोळी बांधून लेकराला निजवत, आणि ते लेकरू तापानं गेलं. त्यात कुणी वाईट नव्हतं. हात कमी होते, काम फार होतं, आणि लेकरू अशक्त होतं. सांगावा आला तेव्हा आबा गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले, ते दिवसभर तिथेच होते. त्यानंतर 'मी जबान देतो' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

आणि हा नामा. श्रावणात, दिवस भरायच्या आत जन्मला. हातात घेतलं तर रिकामं सूप धरल्यासारखं वाटे. दूध प्यायला लागला की चार घोटांत दमून झोपायचा. मायनं त्याला पिंजलेल्या कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं, नरसीला नामदेवाच्या पायरीवर डोकं टेकून नवस केला, म्हणून त्याचं नाव नामा. अक्का रात्रंदिवस त्याच्या नाकाशी बोट धरून बसे, श्वास आहे ना बघत. मी तिला चिडवायची, "त्याला फुंकर मारून पेटवून राहिलीस का?" तेव्हा तिला हसू यायचं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. घरातलं प्रत्येक माणूस एकच गोष्ट मनात म्हणत होतं, ती म्हणजे याला वेळ हवा. थंडी सरेपर्यंत, मान धरेपर्यंत, बसायला लागेपर्यंत. पण बोलत कुणीच नव्हतं, कारण बोललं तर आबांना काहीतरी ठरवावं लागलं असतं.

सव्वा महिना भरला आणि हत्तीचा पाऊस लागला. कयाधू दुथडी भरली, उलट आली, पाट बुडाला. बायांनी ओटी भरली. मायनं त्या वर्षी ओटीत एक सोडून दोन बांगड्या घातल्या.

पूर ओसरल्यावर इवाई आले. गाडी पलीकडल्या काठाला सोडून, धोतर वर खोचून, गुडघाभर पाण्यातून. उंच, हडकुळा माणूस. बोलायचा कमी आणि बोलताना खाली जमिनीकडे बघायचा. पाटापाशी थांबले आणि म्हणाले, "आता काय अडचण न्हाई. पाट दिसून राहिला की."

खरंच दिसत होता. पाणी निवळलं होतं, आणि वीतभर पाण्याखाली काळा दगड स्वच्छ दिसत होता. तेव्हा येसामाय पुढे आली. ओटी भरण्याचा मान तिचा, बोरी गेली हे सांगण्याचा मानही तिचाच. दात एकही नव्हता, पण शब्द एकही गळत नसे. ती म्हणाली, "दिसणं येगळं आन् उघडं पडणं येगळं, इवाई. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं तोंड दिसतंच की. म्हून तिचा पदर पडला म्हणत्यात का?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. इवाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. घरी येऊन जेवले. नामाला मांडीवर घेतलं. त्याला एक बारीकशी शिंक आली, तसं घाईघाईनं अक्काजवळ देऊन टाकलं. निघताना एवढंच म्हणाले, "घरी हात न्हाईत. तिच्या सासूला दम्याची तकलीफ हाय. पाट उघडा पडला की सांगावा धाडा."

"बराबर," आबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

आता पाणी उतरायला हवं होतं. उतरलं नाही. पुरानं जाता जाता मेळावर वाळूचा एक दांडा आडवा टाकला होता, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि उलटीचं पाणी त्याच्यामागे अडकून राहिलं होतं. असं पूर्वीही होत असे. मागून येणारी बोरी त्या दांड्याला कुठेतरी कापे आणि निघून जाई. त्या वर्षी तिला ते जमेना. आश्विन लागला, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, तुरीला फुलं आली, आणि पाटावर वीतभर पाणी तसंच.

तो डोह अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या गावाला एवढं पाणी एका जागी उभं पाहायची सवय नव्हती. म्हशी दुपारभर त्यात बसून असत आणि निघायला नाखूष. एक खंड्या पाटावरच्या वाकलेल्या करंजाच्या फांदीवर येऊन बसे. सकाळी पाण्यावरून वाफ निघे, आणि त्या वाफेतून पलीकडच्या काठावरची माणसं कमरेपासून वरचीच चालताना दिसत. बाया धुणं घेऊन वरच्या वळणाला जात आणि जाताना कुरकुरत, "बोरीनं बाई यंदा पायच काढला न्हाई माहेरातून." पण कुरकुरीत राग नव्हता. अक्का नामाला घेऊन काठावर उन्हात बसे. त्याच्या अंगाला तेल लावून त्याला पालथं घाली, आणि तो मान उचलायचा प्रयत्न करी, डुगडुगे, आणि नाक आपटून घेई.

एके दिवशी सकाळी मी शेंदाडं शोधत मेळाकडे गेले. शेंदाडं म्हणजे रानात आपोआप येणारी लहान, आंबूस खरबुजं. सुगीत ती शोधणं हा आम्हा पोरींचा धंदाच होता. दांड्यापाशी पाहते तर आबा. ते रोज सकाळी बैल धुवायला म्हणून बाहेर पडत. बैल काठावर कोरडे ठणठणीत उभे होते, आणि आबा गुडघाभर पाण्यात वाकून दांड्याच्या पोटात पळसाची पानं दाबत होते. पानांवर चिखल, चिखलावर शेण, शेणावर गोटे. बाजूला कुदळ आणि टोपलं. बांधाला भगदाड पडलं की शेतकरी जसं बुजवतो, तसंच अगदी, जीव लावून.

मी उभी राहिले. त्यांनी मला बघितलं. ज्या माणसानं भर गावात स्वतःचा बांध खोटा ठरवला होता, तो एका ओढ्याशी लबाडी करताना लेकीच्या हाती सापडला होता. त्यांचा चेहरा मला आठवतो. त्या चेहऱ्यावर लाज होती, आणि ती लपवायची धडपड नव्हती. ते म्हणाले, "उभी काहून राहिलीस? पानं आण."

मी पानं आणली. त्या दिवसापासून रोजच आणू लागले. इतकं सुख मला पुढे फार थोड्या कामांनी दिलं आहे. पाण्याला कुठे वाट सापडली आहे ते कानानं शोधायचं, तिथे पान लावायचं, तळव्यानं दाबून धरायचं. गार पाणी बोटांमधून ओढ घेत राही, आणि थोड्या वेळानं ती ओढ थांबे. बोरीला फसवतो आहोत असं मला कधी वाटलं नाही. मला वाटे, तिलाही राहायचंच आहे, नुसतं कुणीतरी राहा म्हणायला हवं. वरून येणारं जास्तीचं पाणी जाण्यासाठी आबांनी दांड्याच्या एका टोकाला दगडांची लहानशी सांड ठेवली होती. ती पाटापेक्षा वीतभर उंच होती. तेवढं मात्र त्यांनी बांध बघणाऱ्या माणसाच्या नजरेनं, चोख केलं होतं.

गावाला हे ठाऊक होतं का? आता या वयात मी हसते. सबंध गावाची ढोरं त्या वाटेनं जात होती. पळसाच्या फांद्या बोडक्या होत चालल्या होत्या. पण येसामाय रोज काठी टेकत पाटापर्यंत येई, वाकून बघे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "न्हाई गं बाई अजून. हायेच." आणि बाया धुणं उचलून वरच्या वळणाला जात. आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या वर्षी सगळ्या गावानं मिळून ती मूठ झाकून धरली होती.

दिवाळी झाली आणि इवाई पुन्हा आले. सांगावा गेला नव्हता. ते आपणहून आले. तिकडे जोंधळा पेरून झाला होता, कापूस फुटला होता. त्यांनी पाटापाशी बैल थांबवले आणि पाण्याकडे बघत राहिले. कयाधू तिकडे कधीच रोडावून वाळूतल्या एका धारेवर आली होती, आणि ही एवढीशी बोरी पाट बुडवून बसलेली. हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या कुणालाही पटण्यासारखं नव्हतं. घरी चहा झाला. अक्का दाराआड नामाला घट्ट धरून उभी होती.

इवाई उठले. "चला इवाई," ते आबांना म्हणाले, "मेळापतोर पाय मोकळे करून येऊ."

आबा पायताण घालून निघाले. मीही मागे निघाले. मला कुणी ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. वाटेत दोघं पिकापाण्याचं बोलले. हळद कशी आहे, तुरीवर अळी पडली का. मी आबांच्या पाठीकडे बघत होते. त्यांची चाल मला ठाऊक होती. त्या दिवशी ती एखाद्या तंट्यात हरलेल्या माणसासारखी होती. आता हे इवाई सगळ्या गावासमोर म्हणणार, तुमची जबान ही अशी का? आणि मग त्याच गाडीत अक्का आणि नामा. मी वाटेतली शेंदाडं पायानं उडवत चालले होते.

दांड्यापाशी सगळं उघडंच होतं. पानांचे कोर बाहेर डोकावत होते, शेणाचा हात फिरवलेला कळत होता, आबांच्या पाचही बोटांचे ठसे वाळलेल्या चिखलात उमटलेले होते. इवाई उकिडवे बसले. त्या ठशांकडे बराच वेळ बघत राहिले. आबा उभे होते. वरून पाण्याचा बारीक आवाज येत होता, आणि कुठेतरी एक टिटवी.

मग इवाईंनी इकडेतिकडे पाहिलं, वाळूतला एक चपटा गोटा उचलला, धोतर सावरत पाण्यात उतरले, आणि आम्हा दोघांना न दिसलेल्या एका फटीत तो गोटा बसवला. अंगठ्यानं दाबला. हलतो का पाहिलं.

"इथून झिरपून राहिलं होतं, इवाई," ते म्हणाले.

इवाई पाण्यात हात धूत राहिले, जमिनीकडे बघत बोलायची त्यांची सवय, तसंच पाण्याकडे बघत बोलले, "त्या पोरीला मी निजवत होतो झोळीत. माझ्याच हातानं बांधली होती झोळी. सावली हलली ते कापूस येचता येचता ध्यानात आलं न्हाई." मग म्हणाले, "पाणी उतरंल तवा उतरंल. घाई काहून?"

मी तेव्हा रडले. ते दोघं रडले नाहीत. त्या काळचे बाप्ये तसे नव्हतेच. दोघं काठावर बसले, आबांनी चंची सोडली, आणि पान खाऊन होईपर्यंत पुन्हा हळदीचं बोलले. इवाई त्याच दिवशी रिकामी गाडी घेऊन परत गेले. जाताना पाटापाशी येसामाय होती. तिनं विचारलं, "काय इवाई, दिसला का पाट?" ते म्हणाले, "दिसला न्हाई, माय. लई गढूळ हाय." आणि पाणी आरशासारखं स्वच्छ होतं.

मग थंडी आली. जोंधळ्याला कणसं धरली, हुरड्याच्या आगट्या पेटल्या. नामानं मान धरली. पुढे तो पालथा पडून फिरू लागला, नंतर रांगायच्या बेतात येऊन दोन्ही हातांवर उभा राहून गुरगुरू लागला, आणि दूध पिताना आता अक्काच दमायची. त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या त्या दिवशी मायनं त्याच्या तळपायाला काजळाचा ठिपका लावला आणि घरात कुणालाही त्या वळ्यांबद्दल बोलू दिलं नाही.

संक्रांत झाली. बाया वाण लुटून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बैल घेऊन निघाले, मी टोपलं घेतलं, तर मागून अक्का आली, नामा कडेवर. आबा तिला बघून जागीच थांबले. आजवर तिच्यासमोर हा विषय एकदाही निघाला नव्हता. मला वाटत होतं तिला ठाऊक नाही. किती वेडी मी.

तिनं नामाला माझ्याकडे दिलं आणि आबांच्या हातातली कुदळ घेतली. म्हणाली, "आबा, आता जाऊ द्या बोरीला. तिचं बी घर हाय तिकडं."

आबा म्हणाले, "अजून थंडी हाय बाई."

"हाय. पर तेबी वाट बघून राहिले असतील." मग जरा हसून, "मामंजींनी बसवलेला गोटा कुठला, तेवढा दाखवा. तिथूनच काढते."

आबांनी बोट दाखवलं. तिनं कुदळीच्या टोकानं तो गोटा उचकटला. आधी नुसती एक दोरीएवढी धार निघाली, मग वाळू ढासळू लागली, मग पळसाची पानं, सगळा हिवाळा दाबून ठेवलेली, काळी पडलेली, एकामागून एक सुटून कयाधूकडे निघाली. पाण्याला आवाज आला. नामा माझ्या कडेवरून खाली झुकून त्या आवाजाकडे दोन्ही हात पसरू लागला, इतक्या जोरानं की मला तो आवरेना. मी म्हटलं, "आबा, ह्याला धरा." आबांनी त्याला घेतलं, छातीशी लावलं, आणि आमच्याकडे पाठ करून बैलांकडे चालत गेले. ते बराच वेळ बैलांपाशीच उभे राहिले. या वेळी मात्र ते एकटे नव्हते.

दुपारपर्यंत पाट उघडा पडला. हिरवं शेवाळ धरलेला, चकाकणारा. येसामायनं त्यावर हळदकुंकू वाहिलं, "गेली गं माझी बाई," म्हणाली, आणि बाया धुणी घेऊन परत खाली आल्या. सांगावा गेला. इवाई आले, या वेळी गाडीत कडब्यावर वाकळ अंथरून, वर तट्ट्याची सावली बांधून. नामाला त्यांनी स्वतः पाटावरून पलीकडे नेलं, एक एक पाऊल तपासत. मधोमध थांबून आबांना म्हणाले, "पुढल्या भादव्यात आणून सोडतो. उलट येवो न येवो."

आणि सोडलं. पुढच्या वर्षी उलट आली नाही, गाडी आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीच्या वर्षातही, जरा उशिरा, पण आली. अक्का गेली, आबा गेले, इवाई गेले. माझ्या लग्नानंतर माझे मालक हिंगोलीला मास्तर होते, त्यांनी मला लिहायला शिकवलं, आणि तेही गेले. गाडीच्या जागी एस्टी आली, मग नामाची मोटारसायकल. भादवा सरत आला की नामा शिरडहून येतो, पाटावर जरा बसतो, माझ्या भावाच्या नातवंडांशी खेळतो आणि परत जातो. कशासाठी जातो हे त्याच्या बायकोला अजून नीट कळलेलं नाही. त्यालाही कळलंय की नाही, मला शंका आहे. कयाधू आता पूर्वीसारखी फुगत नाही. उलट येऊन किती वर्षं झाली ते गावातले लोकही विसरले होते.

यंदा आली. मी पोचले तेव्हा नामा काठावर उभा होता, पायजमा वर दुमडून, पांढरे केस वाऱ्यावर. पाणी पाटावर वीतभर होतं. काडीकचरा माळाच्या दिशेनं हळूहळू चालला होता. नातू तोंड उघडं टाकून त्याकडे बघत राहिला. त्यानं फोन खिशात ठेवला होता.

गावात आता ओटी भरणारं कुणी उरलेलं नाही. मी घरून खण, ज्वारी आणि हळकुंड बांधून आणलं होतं, आणि दोन बांगड्या. वाकता येईना, म्हणून नामानंच ते पाण्यात सोडलं. बाकीचं तळाला गेलं, खण मात्र जरा वेळ आमच्याचपाशी घोटाळला आणि मग वरच्या बाजूला, गावाकडे निघाला. अक्का आत्ता इथे असायला हवी होती असं फार वाटलं.

नातवानं घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या आत हिंगोलीला पोचायचं होतं. "आजी, निघायचं का?"

नामा त्याच्याकडे वळून म्हणाला, "आता कशी निघती ती? ती या गावची लेक हाय. पाट बुडालाय." आणि मग मला, अगदी साधेपणानं, "पाणी कवा उतरंल, मावशी?"

मी चपला काढल्या आणि काठावरच्या ओल्या वाळूत बसले.

"उतरंल तवा उतरंल," मी म्हटलं. "घाई काहून?"